एमसीआयचं (स्मरणशक्ती थोडी कमी झाल्याचं) निदान होऊन वर्ष झालं : वही, चालणं, कानाचं मशीन आणि बारा जणींची भिशी

शुभदा_सातारा
११ जानेवारी, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधी दोन ओळी लिहिल्या असतील तेवढंच. आज मात्र मोठं लिहिणार आहे. दोन दिवस थोडं थोडं लिहीत होते. लेकीने शुद्धलेखन पाहिलंय, मजकूर माझा आहे.

वय ६७. पोस्टात ३४ वर्षं नोकरी झाली, बहुतेक सगळी बचत खात्याच्या काउंटरवर. पासबुक खिडकीतून आत यायच्या आधीच माणसाच्या चेहऱ्यावरून खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आठवायचे. निवृत्तीनंतर गल्लीतल्या बारा जणींची भिशी माझ्याकडे आली, कारण "हिशेब शुभदाकाकूंचा" असं सगळ्या म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी एकीकडे पैसे मागितले. ती म्हणाली, "काकू, परवाच दिले की." मी वाद घातला. मग वही उघडली, तर तिच्या नावापुढे रक्कम आणि तारीख, माझ्याच अक्षरात. नेहमी विसरलं की आठवण करून दिल्यावर "अरे हो" होतं. इथे स्वतःचं अक्षर समोर असूनही काहीच वर आलं नाही. मला घाबरवलं ते यानेच. चार महिने मी हे घरात कुणालाच सांगितलं नाही. त्या चार महिन्यांचं आजही वाईट वाटतं, कारण तपासण्या तेव्हाच झाल्या असत्या.

शेवटी लेकीने ओळखलं. एकाच फोनवर मी तिला तीच बातमी दोनदा सांगितली होती. पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. रक्ततपासण्या, एमआरआय आणि स्मरणशक्ती तपासणारी ३० गुणांची मोका चाचणी. ऐकून ठेवलेले पाच शब्द थोड्या वेळाने सांगायचे असतात, त्यातला मला एकच आठवला. घड्याळ बरोबर काढलं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं तर डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत केलं. २३ गुण मिळाले. निदान माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे एमसीआय.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय : "वयाच्या मानाने स्मरणशक्ती कमी झाली आहे, चाचणीत दिसते आहे. पण स्वयंपाक, बाजार, बँक, प्रवास हे तुम्ही स्वतः करता. म्हणून हा स्मृतिभ्रंश नाही."

रक्तात बी-१२ फक्त १३२ निघालं. आम्ही शाकाहारी, त्यात मी मधुमेहाची गोळी घेते, तिनेही बी-१२ कमी होतं म्हणे. बीपी वरचं १५२. आणि सर्दीसाठी रात्री घेत असलेली ॲलर्जीची जुनी गोळी, जिने छान झोप लागायची म्हणून मी सहा-सात वर्षं सोडलीच नव्हती, ती डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बंद केली. असल्या गोळ्या स्मरणशक्तीच्या कामात आडव्या येतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांचा डबा डॉक्टरांपुढे एकदा पूर्ण उपडा करा, दुकानातून आपणच आणलेल्या गोळ्यांसकट.

इंजेक्शनं झाली, बीपी आटोक्यात आलं, गोळी सुटली. दोन-तीन महिन्यांत डोक्यावरचं जड झाकण उचलल्यासारखं झालं. पण विसरणं पूर्ण गेलं नाही. सहा महिन्यांनी २४, परवा डिसेंबरात पुन्हा २४. म्हणजे हे माझ्यासोबत राहणार आहे असं धरून मी दिवस लावलाय. तो दिवस सांगायला हा धागा.

चालणं. पहाटे सव्वासहाला घरातून निघून आमच्या साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाच्या चढाने वर, तिथे पाच मिनिटं, मग खाली. ४० मिनिटं होतात. आठवड्यातून पाच दिवस. चढावर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग ठेवायचा, हे माप फिजिओथेरपिस्टने दिलं. शिवाय सोमवार-गुरुवार घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणं आणि लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं.

खाणं. फार काही बदललं नाही. लोणचं-पापड रोजचे होते ते रविवारपुरते ठेवले. पालेभाजी रोज, जवसाची किंवा कारळाची चटणी, मूठभर शेंगदाणे, डाळ दाट. तळण सणाला.

कान. डावा कान कमी ऐकतो हे मला माहीत होतं, मशीन म्हणजे म्हातारपण म्हणून टाळत होते. ऑगस्टमध्ये घेतलं. मग कळलं की मी "विसरत" होते त्यातलं बरंचसं मला मुळात नीट ऐकूच आलेलं नव्हतं. ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहणार?

वही. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय. घरात आधी कॅलेंडरवर एक, फ्रिजवर एक, मोबाइलमध्ये एक अशा नोंदी होत्या आणि कुठे लिहिलंय हेच आठवायचं नाही. आता एकच वही, कापडी पिशवीत, मी जिथे तिथे ती. रोजचं एक पान, त्याचे तीन भाग. वर वेळ ठरलेल्या गोष्टी, मध्ये करायची कामं, खाली काय घडलं ते : कोण आलं, काय बोलणं झालं, कुणाला काय दिलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एमसीआयवाल्यांना याच तीन भागांची डायरी वापरायला शिकवतात, असं लेकीने शोधून काढलं. काम झालं की त्यापुढे मी तारखेचा शिक्का मारते, रबरी, फिरवायच्या आकड्यांचा, दुकानातून आणलेला. पोस्टात शिक्का पडला की व्यवहार झाला. माझ्या हाताला ती सवय ३४ वर्षांची आहे, ती विसरत नाही. बीपीची गोळी घेतली, शिक्का. गॅस बंद केला, शिक्का. पानावर शिक्का दिसला की मनातला घोर थांबतो.

सवय व्हायला सहा-सात आठवडे लागले. पहिल्या पंधरवड्यात वहीत पाहायचंच विसरायचे. म्हणून सकाळचा चहा, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा दिवा या तीन वेळांना वही उघडायची असं बांधून घेतलं.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. निदान झाल्यावर घरच्यांनी प्रेमापोटी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या हातातली कामं काढून घेतली. बाजार ह्यांनी, बिलं मुलाने, गॅस सूनबाईने. भिशी दुसऱ्या कुणाकडे द्या असं ठरत आलं होतं. दोन महिने मी नुसती बसून होते आणि त्या दोन महिन्यांत मी जितकी विसरले तितकी आधी नाही आणि नंतरही नाही. दिवसाला आकारच उरला नव्हता, तर आठवणार काय? मी शेवटी रडून, भांडून कामं परत मागितली. भिशी माझ्याकडेच आहे. बदल एवढाच की पैसे दिले की देणारी आणि मी, दोघी त्याच वेळी वहीत सही करतो. मीच सगळ्यांना बोलावून कारण सांगितलं. बारापैकी एकीनेही भिशी सोडली नाही.

इथे कुणाला असं निदान झालं असेल किंवा घरात कुणाला असेल तर लिहा. मला वाचायचंय.


निवांत_दुपार
११ जानेवारी, ११:०५

शुभदाताई, शिक्क्याची कल्पना आजच्या आज आईसाठी उचलतेय. सविस्तर नंतर लिहिते.


डोंबिवलीचा_मोठा
११ जानेवारी, दुपारी १:३२

ताई, तुमचा लेख जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच राहिला. बाबा ७४ वर्षांचे आहेत, कारखान्यात फिटर होते. गेले वर्षभर तेच प्रश्न परत परत विचारतात, दोनदा रेल्वेचा पास हरवला. डॉक्टरांचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का" म्हणून ताट सारतात. आई घाबरून गप्प बसते. न रागावता त्यांना कसं न्यायचं?

आणि खरं सांगू, मलाच जायची भीती वाटते. निदान झालं की पुढे उतारच ना?


रात्रपाळीचा_डॉक्टर
११ जानेवारी, दुपारी ३:५०

मी फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. पण असे रुग्ण आठवड्याला दोन-चार येतात, म्हणून लिहितो.

डोंबिवलीचा_मोठा, आधी तुमच्या भीतीबद्दल. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१८ मध्ये एमसीआयवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ६० ते ६४ वयात शंभरात सुमारे ७ जणांना एमसीआय असतं, ८० ते ८४ वयात सुमारे २५ जणांना. ६५ च्या पुढच्या एमसीआय रुग्णांत दोन वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के. धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा नक्कीच जास्त आहे, तो मी लपवणार नाही. पण बाकीच्या ८५ जणांकडेही बघा. काही तिथेच राहतात आणि काहींचे गुण परत सामान्य होतात. कितींचे, याचे आकडे अभ्यासाअभ्यासात फार वेगळे आहेत, त्यांवर मी भरवसा ठेवत नाही.

त्याच सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एमसीआयसाठी उपयोग सिद्ध झालेली गोळी नाही. नियमित व्यायाम मात्र, आठवड्यातून किमान दोनदा, सुचवायला सांगितलंय. मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन काढून टाकणारी लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं २०२३ पासून अमेरिकेत आली आहेत. ती फक्त अल्झायमर्समुळे झालेल्या आणि तपासणीने तसं सिद्ध झालेल्या सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत, मुख्यतः सलाईनमधून दिली जातात, आणि मेंदूला सूज किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो का यासाठी वारंवार एमआरआय करावे लागतात. त्यामुळे बहुतेकांचा भार आजही दिनचर्येवरच आहे.

बाबांना "मेंदूची तपासणी" म्हणून नेऊच नका. "सत्तरीनंतरची सगळी तपासणी, बीपी-साखर-बी-१२-थायरॉइड-कान-डोळे" म्हणून न्या. त्यात खोटं काहीच नाही, हे सगळं करायचंच असतं. शाकाहारी घरात बी-१२ तर हमखास पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या लोकांत बी-१२ ची कमतरता किती सर्रास आहे ते वर्षानुवर्षं दाखवलं आहे. शिवाय मनाची उदासी, झोपेत घोरताना श्वास अडकणं आणि दारू, हे तिन्ही विसरण्याचं सोंग घेऊन येतात. ते विचारा.

थांबू नये अशा गोष्टी : काही दिवसांतच अचानक फरक पडला, पडल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत गुंगी किंवा गोंधळ आला, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि सोबत लघवीवरचा ताबा जाणं, बोलताना शब्द जाणं, तोंड वाकडं होणं. यात त्याच दिवशी दाखवा.


मेधा_कोथरूड
११ जानेवारी, सायंकाळी ६:१५

डॉक्टर, तीन प्रश्न. सासूबाईंना (७१) एमसीआय सांगितलंय. ब्राह्मी, शंखपुष्पी द्यावी का? मोबाइलवर सुडोकू खेळतात, त्याने फायदा होतो का? आणि आहारात नेमकं काय?


रात्रपाळीचा_डॉक्टर
११ जानेवारी, रात्री ११:४०

ब्राह्मीने एमसीआय थांबतं असं ठामपणे म्हणावं इतका भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. द्यायचीच असेल तर चालू औषधांच्या यादीसकट डॉक्टरांना विचारूनच द्या. वनस्पतीज आहे म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. जिंकगो या झाडाच्या पानांच्या अर्काचं उदाहरण आहे. अमेरिकेत ३००० हून जास्त वृद्धांना वर्षानुवर्षं ते देऊन २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही.

सुडोकूने सुडोकू चांगलं येतं. मनाला बरं वाटत असेल तर जरूर खेळू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. नवं शिकणं आणि माणसांत असणं यांची जागा सुडोकू भरून काढत नाही.

आहारात एका विशिष्ट पथ्याच्या मागे लागू नका. मेंदूसाठी म्हणून गाजलेल्या माइंड आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि तुलनेच्या गटाच्या फार पुढे तो आहार गेला नाही. दोन्ही गटांना कमी कॅलरीज खायला मार्गदर्शन होतं आणि थोडी सुधारणा दोन्हीकडे दिसली. म्हणजे साधं, मोजकं, कमी मिठाचं घरचं जेवण.

एकेक गोष्ट सुटी सुटी करून फारसं हाती लागत नाही, सगळं एकत्र केलं तर लागतं, असं या क्षेत्रात दिसतंय. फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-साखरेवर देखरेख असं चारही दिलं. २०१५ चा तो निकाल आशादायक होता. अमेरिकेत त्याच धर्तीवर २१११ जणांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २०२५ मध्ये आला. दोन्ही गट सुधारले, पण ज्यांना ठरलेला कार्यक्रम आणि दोन वर्षांत ३८ गटबैठका मिळाल्या ते थोडे जास्त सुधारले. हे लोक एमसीआयचे रुग्ण नव्हते, धोक्याच्या उंबरठ्यावरचे होते, हे लक्षात ठेवा. तरी मला त्यातल्या गटबैठका महत्त्वाच्या वाटतात. शुभदाताईंच्या बारा जणी म्हणजे तेच आहे.

बीपीबद्दलही सांगतो. नऊ हजारांवर लोकांच्या अमेरिकन अभ्यासात, २०१९ मध्ये, वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत एमसीआय होण्याचं प्रमाण १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघालं. मात्र वृद्धांना उठताना चक्कर येऊन पडणंही परवडत नाही, तेव्हा आकडा आपापल्या डॉक्टरांनी ठरवायचा.


भाग्यनगरचे_देशपांडे
१२ जानेवारी, सकाळी ८:१०

आम्ही चार पिढ्या हैदराबादेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी दखनी. इथल्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक दिसला. अभ्यास स्मृतिभ्रंशाचा आहे, एमसीआयचा नाही, आणि म्हातारपणी भाषा शिकून हेच होईल असं तो म्हणत नाही.

तरी माझी ७८ वर्षांची आत्या, एमसीआयचं निदान असलेली, नातसुनेकडून तेलुगू लिपी शिकते आहे. आयुष्यभर बोलली, वाचायला कधी शिकली नव्हती. आता बसवरच्या पाट्या वाचते आणि आम्हाला फोन करून सांगते.


कागदोपत्री
१२ जानेवारी, दुपारी १२:४५

वकिली करतो. हा विषय कुणाला अशुभ वाटेल, पण एमसीआय हीच कागद करण्याची योग्य वेळ आहे, कारण समज शाबूत असते.

लोक येऊन आधी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) मागतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी ते कामाचं राहत नाही. मृत्युपत्र मात्र आज करता येतं. स्वतःच्या शब्दांत, दोन साक्षीदारांसमोर. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. डॉक्टरांकडून त्या दिवशीचा शुद्धीवर आणि समजत असल्याचा दाखला सोबत ठेवा, पुढची भांडणं टळतात. सगळ्या खात्यांवर नामनिर्देशन तपासा. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे, हेही घरात सांगून ठेवा.

आणि फोनवरचे ठग. "डिजिटल अटक" वगैरे धमक्यांना ज्येष्ठ फार बळी पडतात. रोजच्या व्यवहाराचं एक लहान खातं वेगळं काढा, मोठी रक्कम मुदत ठेवीत, आणि फोनशेजारी मोठ्या अक्षरात १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक लावा.


चिंचेचं_झाड
१२ जानेवारी, दुपारी ४:०२

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. गल्लीभर सांगून टाकायची एवढी गरज होती का? आमच्या काकांचं निदान नातेवाइकांना कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चूक आजाराच्या खात्यात पडू लागली. चष्मा तर सगळेच विसरतात. त्यांनी विसरला की लोक एकमेकांकडे बघायचे. काका समारंभाला जायचे थांबले. मला वाटतं घरच्या चार माणसांपलीकडे हे जाऊ नये.


शुभदा_सातारा
१२ जानेवारी, सायंकाळी ७:३०

राग कसला. तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. ते एकमेकांकडे बघणं मी ओळखते. माझ्याही नणंदेच्या घरी झालंय. तिथे जाऊन आले की दोन दिवस मन जड असतं.

मी सगळ्यांना सांगितलेलं नाही. भिशीतल्या बारा जणींना सांगितलं कारण त्यांचे पैसे माझ्या हातात असतात, त्यांचा तो हक्क होता. भजनी मंडळात फक्त पेटीवाल्या बाईंना सांगितलंय, म्हणजे मी अभंगाचं कडवं सोडलं तर त्या सूर धरून ठेवतात. बाकी कुणाला नाही. ज्या ठिकाणी माझ्या विसरण्याने दुसऱ्याचं नुकसान होईल किंवा ज्या माणसाच्या आधाराने माझं काम चालू राहील, तिथे सांगायचं, असं मी ठरवलं. तुमच्या काकांच्या बाबतीत सांगणं चुकलं की सांगितल्यावर लोकांना कसं वागायचं ते कळलं नाही, हे मला इथून ठरवता येणार नाही.


अप्पा_मिरज
१२ जानेवारी, रात्री ९:५५

मी इथे नवा. मोबाइलवर बोलून टाइप करतो, चुका सांभाळून घ्या. हिला तीन वर्षांपूर्वी एमसीआय सांगितलं. माझं वय ७६, हिचं ७२.

शुभदाताई, कामं काढून घेण्याचं तुम्ही लिहिलंत, ते मी केलंय. त्याहून वाईट म्हणजे मी हिचं बोलणं काढून घेतलं. कुणी हिला विचारलं, "काकू, कशा आहात, नातू कितवीत?" की ही शब्द शोधायच्या आत मी उत्तर द्यायचो. तिला अवघडल्यासारखं होऊ नये हा हेतू. सहा-आठ महिन्यांनी ती कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडेच बघू लागली. माझ्या बहिणीने मला बाजूला घेऊन सुनावलं, "दादा, वहिनीची वाचा तू घालवतोयस."

तेव्हापासून मी मनात दहा आकडे मोजतो. बहुतेक वेळा सात-आठपर्यंत तिचं उत्तर येतं. नातवाची इयत्ता चुकली तरी मी दुरुस्त करत नाही, त्याने कुणाचं काय बिघडतं? औषध, पैसे, गॅस एवढ्यात चूक झाली तर सांगतो, तेही लोकांसमोर नाही. "आठवतं का तुला?" हा प्रश्न मी बंद केला. त्याऐवजी "आपण परवा नरसोबाच्या वाडीला गेलो होतो ना, तिथले पेढे" असं मीच सुरू करतो, मग पुढचं ती सांगते. नदीला किती पाणी होतं, कोण भेटलं, सगळं.

स्वयंपाक ती करते. कृतीचा कागद ओट्यावर लावलाय, तिच्याच अक्षरात. मी भाजी चिरून देतो आणि तिथेच बसतो. गॅसपाशी शिट्टीचं घड्याळ ठेवलंय. एकदा कुकर जळला होता. त्यानंतर मुलगा म्हणाला, आईला गॅस नको. मी त्याला म्हटलं, कुकर दुसरा आणू.


मेधा_कोथरूड
१२ जानेवारी, रात्री १०:२०

अप्पा, दहापर्यंत मोजण्याचं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे हेच चाललंय. सासूबाईंना विचारलेलं आम्ही दोघं मिळून सांगतो. त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या दोन वर्षं झाल्या नाहीत, "उगाच दमतील" म्हणून. या होळीला त्याच करतील, पुरण मी वाटून देईन.


निवांत_दुपार
१३ जानेवारी, सकाळी ९:००

आईला मशीन नको आहे, कानाचं. "आवाज खूप येतात" म्हणून डब्यात ठेवून दिलंय. तुम्ही कसं जमवलंत, ताई?


शुभदा_सातारा
१३ जानेवारी, सकाळी ११:१५

माझंही पहिले दहा दिवस असंच. पंख्याचा, भांड्यांचा, स्वतःच्या चपलेचा आवाज डोक्यात जायचा. पहिला आठवडा रोज एकच तास, घरात, टीव्ही बंद ठेवून, एकाच माणसाशी बोलताना. मग दोन तास. तीन आठवड्यांनी तंत्रज्ञाकडे परत जाऊन आवाज बसवून घेतला. ती फेरी अजिबात चुकवू नका, बहुतेक मशीनं त्या फेरीअभावी डब्यात जातात. आता सकाळी चष्म्याबरोबर घालते. भजनाला पहिल्यांदा घालून गेले तेव्हा टाळ कानावर आदळले, म्हणून जागा बदलून पेटीजवळ बसते.


रात्रपाळीचा_डॉक्टर
१३ जानेवारी, दुपारी २:३०

यावर एक भर. कानाच्या मशीनवर ९७७ जणांची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना बुद्धीच्या ऱ्हासाचा धोका आधीच जास्त होता त्या गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी होता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली, त्यात ऐकू कमी येणं आहे आणि नजर अधू होणं त्या वर्षी नव्याने आलं. तेव्हा मोतीबिंदू "पिकू दे" म्हणून ठेवू नका.


डोंबिवलीचा_मोठा
२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

सगळ्यांना सांगायचं होतं. काल बाबांना नेलं. "सत्तरीनंतरची सगळी तपासणी" म्हणूनच, आईलाही सोबत नोंदवलं, म्हणजे त्यांना एकटं वाटलं नाही. बी-१२ ११८, बीपी १६०. कान दोन्ही कमी. स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी पुढच्या मंगळवारी आहे. डॉक्टरांनी विचारलं, "हाताने काय करायला आवडतं?" बाबा म्हणाले, "आता घरात मला पान्याला हात लावू देत नाहीत." मी मान वर करू शकलो नाही. त्यांची हत्यारांची पेटी मीच माळ्यावर टाकली होती, बोट कापेल म्हणून.

आज सकाळी ती खाली काढली. शेजारच्या काकूंचा गळका नळ त्यांनी दुरुस्त केला. वायसर बदलायचं की स्पिंडल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी टॉर्च धरून उभा होतो.

मंगळवारी जाताना काय सोबत नेऊ?


शुभदा_सातारा
३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

चार भिंतीवरून आत्ताच खाली आले, तुमचं वाचून तशीच लिहायला बसले.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, यादी नको, पाकिटंच. चष्मा आणि मिळालं असेल तर कानाचं मशीन घालून न्या, नाहीतर न दिसल्या-ऐकल्याचे गुण जातात. वर्षभरात काय काय बदललं ते तारखेसह एका कागदावर लिहा, पण तो बाबांसमोर वाचू नका, आधी डॉक्टरांच्या हातात द्या. वेळ सकाळची मागून घ्या, दुपारी माणूस दमलेला असतो. आधी पोटभर खाऊ द्या. चाचणी चालू असताना तुम्ही शक्यतो बाहेर बसा.

आणि नळ दुरुस्त केल्याचंही त्या कागदावर लिहा.